मदत हवी आहे: बॉल पायथनची कात चिंध्या होऊन निघाली, खाणंही बंद

नमस्कार मंडळी,

सापाचं नाव वाचूनच ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांनी हा धागा सोडून द्यावा.

आम्ही डॅलसला असतो. लेक कॉलेजला गेला आणि त्याची बॉल पायथन मादी माझ्या गळ्यात पडली (शब्दशः नाही!). पाच वर्षांची आहे, वजन १८०० ग्रॅमच्या आसपास. हिवाळ्याच्या सुट्टीत लेकाने मित्राचा नर आणून जोडी लावली होती. नर गेला, लेक गेला, आता निस्तरायला मी.

एरवी तिची कात नाकापासून शेपटीपर्यंत अखंड निघते, उलटा काढलेला पायमोजाच जणू. या वेळी डोळे निळसर झाले, मग स्वच्छ झाले, इथवर सगळं नेहमीसारखं. पण गेल्या आठवड्यात कात निघाली ती तुकड्यातुकड्यांत. शेपटीला पापुद्रे चिकटलेत. कातीचा डोक्याकडचा भाग उजेडात धरून पाहिला, तर त्यात एकाच डोळ्याची चकती आहे. उजवा डोळा धुरकट दिसतोय, कडेला बारीक सुरकुती.

त्यात महिनाभर उंदराला तोंड लावलेलं नाही. गरम कोपरा सोडत नाही आणि अर्धं अंग उलटं करून, पोट वर करून पडते. हा आजार आहे की अंड्यांची तयारी? कोमट पाण्यात बसवू का? डोळ्यावरची चकती चिमट्याने काढली तर चालेल? लेक म्हणतो, "आई, चिल." जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, चिमटा आधी ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक कवच असतं आणि कातीबरोबर त्याचा फक्त वरचा थर जातो. ओढताना खालचा जिवंत थर फाटला तर डोळाच जाईल. अशी चकती बहुतेकदा पुढच्या कातीबरोबर निघते. तेव्हाही राहिली तर डॉक्टर.

बाकीची लक्षणं मला डोहाळ्यांची वाटतात. पोटात अंडी असली की बॉल पायथन अशाच उलट्या पडतात, ऊब धरून बसतात, खात नाहीत. कात यायच्या दोनतीन आठवडे आधी अंगाचा मधला भाग एखादा दिवस टम्म फुगला होता का, काहीतरी मोठं गिळल्यासारखा? तसं असेल तर ही अंड्यांआधीची कात. इथून साधारण महिन्याभरात अंडी येतात.

पाण्यात बसवू नका, या दिवसांत हाताळणं जितकं कमी तितकं बरं. टाकीचं झाकण जाळीचं आणि वर दिवा आहे का? मग ओल टिकणारच नाही. जाळीचा बराच भाग झाका (दिव्याखालची जागा सोडून), एका बंद डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस भरा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर हवी. गरम बाजू ८८ ते ९० फॅरनहाइट, तीही थर्मोस्टॅटवर.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण सगळं डोहाळ्यांवर ढकलू नका. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून उघडं तोंड, यातलं काही दिसलं तर तो फुप्फुसाचा संसर्ग, थांबायचं नाही. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात का तेही बघा. गोचिडीसारखे बारीक माइट्स डोळ्यांच्या कडेलाच दडतात आणि त्यांच्यामुळेही कात अडकते.

धागाकर्ती

फुगली होती! मला वाटलं उंदीर पचला नाही. ठिपके नाहीत, आवाजही नाही. झाकण जाळीचंच आहे, आजच झाकते. अंडी आली तर तिच्यापाशीच ठेवायची का?

प्रतिसाद

ती स्वतः वेटोळं घालून राखण करते, पण घरी इन्क्युबेटर सोपा. उचलण्याआधी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू वरच राहू द्या. कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नाहीत. एकमेकांना चिकटलेली असतील तर तशीच ठेवा. ८८-९० फॅरनहाइटला दोनेक महिने लागतात. लहान, पिवळट, सुरकुतलेली निघाली तर ती फळलेली नसतात.

एकदोन अंडी घालून थांबली आणि पोटात गाठ दिसतेय, किंवा नुसत्याच कळा देतेय, तर अंडं अडकलंय. पोट दाबून काढायला जाऊ नका, आतून फाटतं. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर साप बघत नाहीत, तेव्हा सरपटणारे प्राणी बघणारा आत्ताच फोन करून ठरवून ठेवा. सोनोग्राफीत अंडी आहेत की नाही तेही कळेल.

प्रतिसाद

अवांतर: पुण्यात पाळता येतो का हो?

प्रतिसाद

धामण, अजगर वगैरे आपले साप अजिबात नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींची केंद्र सरकारच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं बाळंतपण चालू आहे.

धागाकर्ती

माझं नाही, तिचं! डॉक्टर मिळाल्या, गुरुवारची वेळ दिलीय. नेताना गाडीत ऊब कशी ठेवायची, तेवढं कुणीतरी सांगा.

प्रतिसाद

उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारा, अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात, झाकणाला दोनचार भोकं. गाडीचा हीटर आधी चालू करून ठेवा. गरम पाण्याची बाटली द्यायचीच तर टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, अंगाला लागू देऊ नका.