जमिनीवरून मोजून वातावरणाबाहेरचा सोलर स्पेक्ट्रम मिळतो का?

गोदाकाठचा_फोटॉन: मंडळी एक शंका आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गंगापूर रोडला गच्चीवरून छोट्या स्पेक्ट्रोमीटरने उन्हाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वेव्हलेंथला किती उजेड, घेतोय. सर म्हणतात यावरूनच वातावरणाच्या वरचा स्पेक्ट्रम काढ. आता सॅटेलाइट नाही, रॉकेट नाही, हवेने गिळलेलं परत कुठून आणू?

अंजनेरीकर: निघतो की. लँग्ली प्लॉट कर. सूर्य चढतो तसा किरणांचा हवेतला रस्ता कमी होतो, हा रस्ता डोक्यावरच्या रस्त्याच्या किती पट ते एअरमास: सूर्य क्षितिजापासून १२ अंशांवर असताना साधारण ५, ३० अंशांवर २, डोक्यावर १. प्रत्येक वेव्हलेंथला सिग्नलचा लॉग एअरमाससमोर मांड, सरळ रेष येईल, ती एअरमास शून्यापर्यंत वाढवलीस की जिथे टेकते ते हवेविना रीडिंग. लॉग का, तर हवेचा प्रत्येक थर उरलेल्यातला तेवढाच हिस्सा खातो. आणि पुढे काळी नळी लाव बाबा, नाहीतर आकाशाचा उजेडही आत येतो. ज्याच्या नावाचा हा प्लॉट त्या अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्लीने १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीच्या पायथ्याशी आणि वर असं दोन्हीकडे मोजलं होतं, तरी त्याचा सोलर कॉन्स्टंट (वातावरणाच्या वर पोचणारी उन्हाची एकूण ताकद) आजच्या १३६१ वॉट प्रति चौरस मीटरपेक्षा बराच जास्त आला, तेव्हा जपून.

धुकंनिफाड: हे सगळं हवा सकाळभर एकसारखी राहिली तर! आमच्याकडे थंडीत पारा उतरला की द्राक्षबागांत धूर करतात, तो पसरतो, मग ऊन वाढलं की हवा ढवळते. खरी गंमत म्हणजे हवा ठरावीक पद्धतीने बदलत गेली तर रेष मस्त सरळ दिसते आणि तरी भलत्याच जागी टेकते. म्हणून तर एरोनेटवाले (हवेतले कण मोजणाऱ्या केंद्रांचं जगभरचं जाळं) आपली रेफरन्स यंत्रं हवाईतल्या मौना लोआ नाहीतर टेनेरिफ बेटावरच्या इझान्यासारख्या उंच जागी नेऊन कॅलिब्रेट करतात. तू निदान पावसाळ्यानंतरचा, रात्री वारा वाहून गेलेला दिवस पकड आणि दुपारनंतरची रेषही काढ, दोन्ही एकाच ठिकाणी टेकल्या तर थोडा विश्वास ठेव.

अंजनेरीकर: बरोबर. शिवाय ७६० नॅनोमीटरचा ऑक्सिजन आणि ९४० ची वाफ यांना हा लॉगचा नियम लागू होत नाही, तिथे रेष वाकते, ते पट्टे सोडून दे. २९० च्या खाली तर ओझोन काही येऊच देत नाही.

गोदाकाठचा_फोटॉन: भारी! पण माझं रीडिंग काउंट्समध्ये, म्हणजे यंत्राच्या नुसत्या आकड्यांत आहे, वॉटमध्ये कसं न्यायचं?

धुकंनिफाड: त्यासाठी कॅलिब्रेटेड दिवा, म्हणजे कोणत्या वेव्हलेंथला किती उजेड देतो ते आधीच मोजलेला दिवा लागतो, लॅबमध्ये त्याच्यासमोर हाच स्पेक्ट्रोमीटर त्याच नळीसकट धर. दिवा नसला तर स्पेक्ट्रमचा आकारही पक्का मिळणार नाही, प्रत्येक वेव्हलेंथला यंत्राची नजर वेगळी असते. सरांना आधी दिव्याचं विचार.