कॅरी पिस्तुलाचा (रोज कमरेला लावून फिरतो त्याचा) ट्रिगर बदलावा का? (टेक्सास) – सल्ला हवा

प्लेनोकर:
मंडळी, नमस्कार. डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड झाल्यावर ग्लॉक १९ हे पिस्तूल घेतलं. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात परवान्याशिवायही बाळगता येतं, तरी बाहेरच्या राज्यांसाठी म्हणून एलटीसी (टेक्सासचा बाळगण्याचा परवाना) काढलं. रात्री दुकान बंद करून एकटाच गाडीपर्यंत चालत जातो, त्यामुळे रोज कमरेला असतं.

अडचण अशी की रेंजवर माझ्या गोळ्या सारख्या डावीकडे खाली लागतात. शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी सांगितलं, साडेतीन पौंडांचा, म्हणजे कमी जोर लागणारा हलका ट्रिगर बसवून घे, फरक पडेल. हे कायद्यात बसतं का? उद्या खरंच गोळी झाडायची वेळ आली तर कोर्टात अंगाशी येईल का? नाइट साइट्स (अंधारात चमकणारे नेमाचे ठिपके), रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट) आणि काडतुसांचं मॅगझिन सोडवणारं मोठं बटण हेही मनात आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

खडकवासला:
उजव्या हाताने झाडत असाल तर डावीकडे खाली जाणारी गोळी म्हणजे बहुतेक वेळा आवाजाच्या भीतीने आधीच दिलेला झटका. ट्रिगर हलका केलात तरी झटका तसाच राहील. पिस्तूल रिकामं करा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायचा. पुढच्या साइटमागे स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) एक नाणं ठेवायचं. ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं नाही की समजा हात बसला. मला सहा आठवडे लागले होते.

कृष्णाकाठ:
प्लेनोकर, मी वकील नाही. पण बारा वर्षं कॅरी करतोय आणि हा विषय वकिलासमोर बसून समजून घेतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसता ट्रिगर बदलणं टेक्सासात गुन्हा नाही. सरळ तुरुंगात नेणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. ग्लॉकच्या मागे बसणारं ते चौकोनी ‘स्विच’, ज्याने एका दाबात सगळं मॅगझिन रिकामं होतं, ते नुसतं जवळ असलं तरी संघराज्याच्या कायद्याने मशीनगन ठरतं आणि दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते. सीरियल नंबर खोडणं, पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावणं, पुढे उभी मूठ लावणं, या सगळ्यात फेडरल भानगड आहे. तुमचा प्रश्न त्यातला नाही.

तुमचा प्रश्न आहे घटनेनंतरचा. स्वसंरक्षण मागणारा माणूस कोर्टात काय सांगत असतो? ‘गोळी मी जाणूनबुजून झाडली, दुसरा इलाज नव्हता.’ समोरच्या वकिलाला हे वाक्य मोडायचं असतं. तुमचा ट्रिगर कंपनीच्या साडेपाच-सहा पौंडांवरून साडेतीनवर आणलेला सापडला की तो म्हणणार, ‘यांनी झाडली नाही, यांच्याकडून सुटली.’ आणि सुटली म्हटलं की स्वसंरक्षण बाजूला पडतं आणि निष्काळजीपणाचं कलम पुढे येतं. दिवाणी दाव्यात तर त्याला आणखी रस असतो, कारण घराचा विमा सहसा हेतुपुरस्सर कृत्याचे पैसे देत नाही, निष्काळजीपणाचे देऊ शकतो.

मायामीत डिसेंबर १९८२ मध्ये लुईस अल्वारेझ या पोलिसाची गोळी लागून नेव्हेल जॉन्सन हा तरुण गेला. त्या खटल्यात रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर हलका करून घेतला होता, हा मुद्दा सरकारी पक्षाने काढला. १९८४ मध्ये अल्वारेझ सुटले, पण तोवरचे दिवस त्यांनी कसे काढले असतील याचा विचार करा. निर्दोष सुटणं आणि खटल्यातून जावंच न लागणं यात फार अंतर आहे.

तसंच पिस्तुलावरचं कोरीवकाम. कवटी, धमकीची वाक्यं असलेली मागची प्लेट स्वस्तात मिळते. लावू नका. ॲरिझोनातल्या मेसा शहरात २०१६ मध्ये एका पोलिसाने नि:शस्त्र माणसावर रायफल चालवली, तिच्या झाकणावर शिवी कोरलेली होती. ज्युरीने त्याला दोषी धरलं नाही, पण ती शिवी सगळ्या बातम्यांत गेली.

आता माझा अनुभव. २०१८ मध्ये हौसेने हलका ट्रिगर आणि सोबत आलेली कमी ताकदीची स्ट्रायकर स्प्रिंग (काडतुसावर ठोका देणाऱ्या सुईची) घातली. रेंजवर तिसऱ्याच मॅगझिनला नुसता ‘टक’ आवाज. काडतूस काढून पाहिलं तर प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, नखाने दाबल्यासारखा पुसट खळगा. हात गार पडले, कारण ते पिस्तूल मी तीन आठवडे कमरेला लावून हिंडत होतो. त्याच संध्याकाळी मूळ भाग परत बसवले.

नाइट साइट्स मात्र जरूर घ्या. ट्रिटियमचा ठिपका अंधारात दिसतो, त्याला बॅटरी लागत नाही आणि ‘नीट दिसावं म्हणून लावल्या’ हे कोणत्याही ज्युरीला पटतं. रेड डॉटला माझी हरकत नाही. स्क्रू कंपनी सांगते तेवढेच आवळा, स्क्रूवर रंगाची रेघ मारून ठेवा म्हणजे सैल झाला तर कळतं. काहीही बदललं की रोजच्या कॅरीची काडतुसं घालून निदान दोनशे झाडा, मगच कमरेला लावा.

तुळशीवृंदावन:
मोठ्या मॅगझिन बटणाबद्दल. माझ्या पिस्तुलाला नवऱ्याने बसवलं होतं. इंडियन ग्रोसरीत मी मूगडाळीची पोती बघायला वाकले, पट्ट्याचा दाब बटणावर आला आणि मॅगझिन शर्टाखालून फरशीवर पडलं. पाच फुटांवर एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. कुणी ओरडलं नाही, पण त्या आजींचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्याच दिवशी जुनं बटण आलं. त्या पैशांत चांगलं होल्स्टर (कमरेची म्यान) घ्या, ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकणारं.

भीमाशंकर:
मी एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. मलाही घेता येईल का?

कृष्णाकाठ:
दादा, थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल बंदी आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवर भाड्यानेसुद्धा हातात घेऊ नका. चूक झाली तर शिक्षेबरोबर इथलं राहणंही जाईल.

आणि प्लेनोकर, वहिनी अजून एच-वन-बीसारख्या व्हिसावर असतील तर तिजोरीचा आकडा फक्त तुमच्याकडे हवा. त्यांचा हात पोचत असेल तर बंदूक त्यांच्याही ताब्यात आहे असं म्हणता येतं.

खडकवासला:
दोन गोष्टी राहिल्या. टेक्सासचं एलटीसी न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात चालत नाही, न्यू जर्सीतल्या एडिसनला वगैरे नातेवाइकांकडे जाताना घरी ठेवून जा. कॅलिफोर्नियात तर पुढे आटे पाडलेली बॅरल लावलीत तर तुमचं पिस्तूल ‘असॉल्ट वेपन’ या बंदी असलेल्या प्रकारात मोडेल. दुसरं, रेंजची बॅग भारतात जायला कधीच वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर निघालं तर शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा. ते तिथे आहे हे ठाऊक नव्हतं, हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर सुट्टी चौकीत आणि वकिलाकडे जाते.

प्लेनोकर:
सर्वांचे मनापासून आभार. ट्रिगरची ऑर्डर रद्द केली. नाइट साइट्स बसवायला शनिवारी गनस्मिथकडे जातोय. बायको अजून एच-वन-बीवरच आहे, तिजोरीचा आकडा आत्ताच बदलला आणि का बदलला ते तिला बसून समजावलं. नाण्याचा सराव आज सुरू केला. वीसपैकी चौदा वेळा पडलं.

खडकवासला:
पहिल्या दिवशी माझं वीसच्या वीस वेळा पडलं होतं. महिन्याभराने रेंजवरच्या निशाण्याच्या कागदाचा फोटो टाका.