कोरा च्या आणि बीपीची गोळी (ए विंग ग्रुप)

काकू ए-१०२: त्या फॉरवर्डात लिहिलंय बघा रोज कोरा च्या पिला की रक्ताच्या नळ्या साफ होतात, आणि तेव्हापास्नं आमचे हे बीपीची गोळी सोडतो म्हणूलालेत. कुणाला म्हाईत आहे काय

सेक्रेटरी अण्णा: साफ व्हायला ती काय आपली मोरी आहे काय वो काकू

मेडिकलवाला दादा: पहिलं गोळी सोडू देऊ नका. च्यात फ्लॅव्होनॉइड्स म्हणून वनस्पतीतली द्रव्यं असतात, त्यानं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातनं नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि नळी जरा सैल पडते, एवढं खरं. बोस्टनला हार्टच्या पेशंटांना ४ आठवडे रोज ९०० मिली कोरा च्या दिला, हाताला पट्टा आवळून रक्त अडवायचं मग सोडायचं आणि धमनी किती फुगते ते सोनोग्राफीवर बघायचं, तर आधीपेक्षा जास्त फुगली. २००१ चं आहे ते. पण ब्लॉकेज विरघळलं असं त्यात कुठंच नाही. आणि बीपी म्हणाल तर ऑस्ट्रेलियात रोज ३ कप, ६ महिने पाजून २-३ पॉइंट उतरलं, काकांचं तेवढ्यात भागणार काय?

वैनी बी-३०४: आणि दूध घातलं तर? आमच्यात कोरा कोण पिणार, नंदिनीचं पाकीट आणि आलं पाहिजेच

मेडिकलवाला दादा: २००७ ला बर्लिनला १६ बायकांवर बघितलं, दूध घातल्यावर फायदा गेला, दुधातलं केसिन हे प्रथिन त्या फ्लॅव्होनॉइड्सना चिकटतं म्हणून. पण १६ जणींवरनं सगळ्या बेळगावचं दूध बंद करायचं काय 😀 तिकडं ब्रिटनमध्ये ५ लाख लोकांची माहिती तपासली, २०२२ ला छापून आली, त्यात २ कप किंवा जास्त पिणाऱ्यांत मृत्यू थोडे कमी दिसले, दूध घालणाऱ्यांतसुद्धा. अर्थात च्यामुळंच, असं त्यावरनं म्हणता येत नाही. आणि तिकडचं दूध म्हणजे चमचाभर, आपला निम्मा दूधच, वर उकळून उकळून साखर. खडेबाजारात उभ्या उभ्या चारवेळा पितात त्यांनी पहिलं ती साखर बघा

सेक्रेटरी अण्णा: माझं नाव घेतलं नाही म्हणून आभारी आहे

काकू ए-१०२: बरं सूनबाईला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात, ती च्यासंगट घेते, चालतंय काय

मेडिकलवाला दादा: नाही वो, च्यामुळं लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये दीड-दोन तास जाऊ दे

काकू ए-१०२: सांगते. आणि ह्यांची बीपीची एक स्ट्रिप पाठव की संध्याकाळी, संपलीच आहे