मदत हवी आहे: पितृपक्षाआधी सिझर करून घ्या म्हणतात, काय करू?

शेवंती:
नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण, पस्तिसावा आठवडा चालू आहे. बीपी, शुगर, थायरॉइड सगळं व्यवस्थित. परवाच्या सोनोग्राफीत डोकं खाली, वजन अंदाजे २.४ किलो, एएफआय (बाळाभोवतीच्या पाण्याचं माप) ९.

अडचण तारखेची आहे. ड्यू डेट येते पितृपक्षातल्या अष्टमीला. सासूबाईंनी गुरुजींना विचारलं, त्यांनी गौरी आवाहनाच्या दिवशीची सकाळची वेळ काढून दिली. त्या दिवशी मला ३७ आठवडे ५ दिवस होतात. वाटलं होतं, डॉक्टर उडवून लावतील. तर मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. गौरीच्या चौकटीत आधीच दोन नावं पेनाने लिहिलेली होती. म्हणाल्या, "३७ पूर्ण म्हणजे बाळ तयारच. साडेनऊचं चालेल?" वर हेही, की पुढे पाणी कमी होऊ शकतं, मग घाईत करण्यापेक्षा ठरवून केलेलं बरं.

घरी विषय संपल्यात जमा आहे, कारण डॉक्टरच हो म्हणाल्या. नवरा मधल्यामध्ये. मला सिझरची भीती नाही, लागलंच तर करू. पण कारण नसताना, कळा सुरू व्हायच्या आधीच? ३७ आणि ३९ मध्ये खरंच फरक पडतो का? आणि मॅडमशी हे बोलायचं कसं? शेवटच्या महिन्यात डॉक्टर बदलायची हिंमत नाही.

ज्योतिष खरं की खोटं, हे कृपया इथे नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तिखटमीठ:
सरळ धंदा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) उघडून बघा. देशात खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने, सरकारीत १४.३ टक्के. दार बदललं की बाईचं शरीर बदलतं का? मुहूर्त हे नुसतं निमित्त.

ओवीची आई:
माझी मोठी ३७ व्या आठवड्यात सिझरने झाली. बीपी चढलं होतं, त्यामुळे इलाज नव्हता आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण जन्मल्यावर तिचा श्वास इतका भरभर चालायचा की बरगड्या आत ओढल्या जायच्या. थेट एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. ओले टाके घेऊन जिना चढायचा आणि काढलेलं दूध नर्सच्या हातात द्यायचं. पोरगी आता ठणठणीत आहे. पण हौसेने कुणी यात पडू नये.

भूलवाला:
मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात बऱ्याच नर्सिंग होमना जातो. गुरुपुष्यामृत असलं की माझा फोन सकाळपासून वाजतो, त्यामुळे ते कॅलेंडर डोळ्यांपुढे आलं.

फरक पडतो. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो. शेवटच्या दिवसांत आणि मुख्यतः कळा सुरू झाल्यावर तो शोषला जायला लागतो. कळा नसताना, तेही लवकर, काढलेल्या बाळाला हा वेळच मिळत नाही. ओवीच्या आईने लिहिलंय ते बहुधा हेच. अमेरिकेत २००९ साली आधी सिझर झालेल्या आणि आता ठरवून सिझर केलेल्या बायकांचा मोठा अभ्यास आला. बाळाला श्वासाचा किंवा तसा दुसरा त्रास होण्याचं प्रमाण ३७ व्या आठवड्यात १५.३ टक्के, ३८ व्यात ११ आणि ३९ व्यात ८. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर ३९ पूर्ण होईपर्यंत थांबा, असं अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. "३७ म्हणजे तयार" हा जुना हिशेब. २०१३ पासून अमेरिकेत ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस याला 'अर्ली टर्म' म्हणतात, 'फुल टर्म' ३९ पासून.

गंमत म्हणजे तुमच्या तारखांनुसार ३९ पूर्ण होतात पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी आणि ४१ होतात सर्वपित्रीला. घरच्यांना नको असलेला पंधरवडाच बाळाच्या सोयीचा.

तिखटमीठ, पैसा आहेच, नाही म्हणत नाही. पण एकट्या डॉक्टरचं नर्सिंग होम असेल तर रात्री दोन वाजता कळा अडल्यावर ती, मी आणि बालरोगतज्ज्ञ असे तिघे जमवावे लागतात. सकाळी साडेनऊला सगळे हजर. शिवाय सिझर का केलं म्हणून कुणी काचा फोडत नाही, का नाही केलं म्हणून फोडतात.

शेवंती, मॅडमना मुहूर्ताबद्दल काही विचारूच नका. एवढंच विचारा, की माझ्या केसमध्ये लवकर करायला वैद्यकीय कारण कोणतं, आणि थांबले तर तुम्ही काय काय बघाल. एएफआय साधारण ५ ते २५ चालतो, ९ मध्ये घाबरण्यासारखं नाही. पण मध्येच बीपी चढलं, वाढ अडली किंवा हालचाल मंदावली, तर हा धागा विसरायचा आणि त्या म्हणतील तेव्हा टेबलावर जायचं. आणखी एक, पुढचं मूल हवं असेल तर आजचा टाका तेव्हाही मोजला जातो. दर सिझरगणिक वार (प्लासेंटा) गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका वाढतो. तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून काढलीय?

शेवंती:
आठव्या आठवड्यातली. पाळीच्या तारखेत आणि तिच्यात दोनच दिवसांचा फरक.

भूलवाला:
मग तारीख पक्की. शेवटच्या सोनोग्राफीवरून कुणी ती पुढेमागे करत असेल तर ऐकू नका.

वाचनवेडी:
तारीख ठरवायचीच असेल तर ३९ पूर्ण झाल्यावर कळा आणायचाही पर्याय असतो. अमेरिकेत २०१८ साली पहिलटकरणींवर, धोका कमी असलेल्या सुमारे ६,१०० जणींवर, चाचणी झाली. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत १८.६ टक्के सिझर झाले, वाट बघितलेल्यांत २२.२ टक्के. अर्थात तिथे सतत लक्ष ठेवणारा स्टाफ असतो. आणि तीही तारीख पितृपक्षातच पडणार, त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न तसाच.

आजोळकर:
सासूबाईंना टक्केवारी ऐकवू नका, हट्टाला पेटतील. आमच्याकडे पितृपक्षात मूल झालं की म्हातारी माणसं म्हणायची, घरातलंच कुणीतरी परत आलं. घरात दोघं त्या पंधरवड्यातले आहेत, एक बँकेतून निवृत्त झाला, दुसरा अजून आम्हाला शहाणपण शिकवतो. बोलायचं तर नवऱ्याने बोलावं, सुनेने नाही. आणि गुरुजींनाच विचारा, डॉक्टर आधी नको म्हणाल्या तर पुढची वेळ कोणती. काढून देतात.

शेवंती:
जाऊन आले. वैद्यकीय कारण विचारलं तर मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "कारण असं नाही, तुमच्या घरच्यांनी मागितलं म्हणून दिलं." आणि घरचे म्हणत होते, डॉक्टर हो म्हणाल्या म्हणून! साडेनऊचं नाव खोडलं. आता दर आठवड्याला बीपी, ३८ नंतर एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी). हालचाल रोज मोजायला सांगितलीय. सासूबाई अबोला धरून आहेत, नवऱ्याने गुरुजींना फोन केलाय.

भूलवाला, एपिड्युरलचं (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) विचारलं तर "आमच्याकडे देत नाही" म्हणाल्या. असं का?

भूलवाला:
एपिड्युरल दिलं की बाळंतपण होईपर्यंत भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर लागतो. माझ्यासारखा चार ठिकाणी धावणारा माणूस तसा बसून राहू शकत नाही, म्हणून लहान ठिकाणी सरळ नाही म्हणतात. हवंच असेल तर चोवीस तास भूलतज्ज्ञ असलेलं मोठं हॉस्पिटल आत्ताच बघून ठेवा, कळा सुरू झाल्यावर धावाधाव नको.