खेडेगावातला पब आणि चारची बस: तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी मैत्रिणीबरोबर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जेवायला गेले होते. गाडी दोघींकडेही आहे, पण एकीने चालवायची म्हणजे तिने दिवसभर लिंबू-सोडा पीत बसायचं. म्हणून ॲम्बलसाइडहून ५१६ नंबरची बस पकडली. ती ग्रेट लँगडेलच्या खोऱ्यात शिरते. रस्ता एवढासा, दोन्ही बाजूंनी दगडी गडगे, आता घासणार की मग घासणार असं सारखं वाटतं. शेवटच्या थांब्याला ओल्ड डन्जन गिल हॉटेल आहे. तिथला हायकर्स बार म्हणजे पूर्वीचा गाईंचा गोठा. जनावरं बांधायच्या कप्प्यांत आता बाकं टाकली आहेत.

मैत्रीण राजापूरकडची. गोठ्यात बसून बिअर प्यायची ही कल्पना तिला इतकी आवडली की लगेच आईला फोन लावायला घेतला, तर रेंजच नाही. पुढची बस दोन तासांनी. नेहमी भेटलो की कुणीतरी एकजण घड्याळ बघत असते. इथे बसनेच बसवलं.

तुमचेही असे किस्से असतील. येऊ द्या.

•

मी यॉर्कमध्ये राहतो, निवृत्त आहे. इंग्लंडमध्ये पेन्शनचं वय झालं की बसचा पास मिळतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर फुकट. त्यामुळे साडेनऊला थांब्यावर कोण उभं असतं ते सांगायला नको.

मी आणि माझा जुना सहकारी (इंग्रज आहे) दर बुधवारी निघतो. आवडती बस ८४० कोस्टलायनर. लीड्सहून येते आणि यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत मूर्सच्या माळावरून व्हिटबीला जाते. २०१८ साली ब्रिटनमधला सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून तिची निवड झाली होती. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळवायला दोन म्हातारे जी घाई करतात ती बघण्यासारखी असते. बहुतेक वेळा थॉर्नटन-ल-डेलला उतरतो, ओढ्याकाठी जरा पाय मोकळे करतो आणि मग पब.

तो पिंट घेतो, मी अर्धा. पिंट म्हणजे ५६८ मिली, या वयात मला परवडत नाही. नवीन माणूस ‘बिअर गरम आहे’ म्हणतो, पण हातपंपाने ओढायची एल (इथली पारंपरिक बिअर) तळघरात ११ ते १३ अंशांवरच ठेवतात. फार गार केली तर चवच लागत नाही.

तीन तासांत आम्ही वीसेक वाक्यं बोलत असू. त्याची बायको गेली त्यानंतरच्या बुधवारी तेवढीही नाही. फक्त त्याने माझ्या ताटातलं यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, जेवणाबरोबरचा भाजलेला फुगीर पदार्थ) न विचारता उचललं आणि स्वतःच्या ग्रेव्हीत बुडवून खाल्लं. तीस वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच. मी दुसरं मागवलं.

•

वाचून मजा आली. नवीन लोकांसाठी थोडं: टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. आम्ही दोघी पंचवीस मिनिटं बसलो होतो, चेहऱ्यावर हसू ठेवून! बारपाशी जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे बहुधा तिथेच द्यायचे.

शाकाहारी मंडळींनी ग्रेव्ही कशाची आहे ते विचारावं, आणि यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं. मी प्लाउमन्स लंच घेते. पाव, चेडर चीजचा हाताएवढा तुकडा, व्हिनेगरमधले कांदे आणि गोडूस तपकिरी पिकल, ज्याचा आपल्या लोणच्याशी काडीचाही संबंध नाही. नावावरून नांगरणाऱ्या शेतकऱ्याची पिढीजात शिदोरी वाटते ना? हे नाव १९५० आणि ६०च्या दशकांत चीज खपवण्यासाठी गाजवलेलं आहे. लागतं मात्र छान.

•

आमची फजिती. रविवार, कॉट्सवोल्ड्समधलं एक गाव. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडात बहुतेक बसना एका वेळचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड आहे, म्हणून खुशीत निघालो. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. पबमध्ये पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं. किचन दोनला बंद! मालकीणबाईंना वाईट वाटलं, पण खानसामा ॲप्रन काढून बाहेर सिगारेट ओढत होता. मिळालं काय, तर क्रिस्पची (म्हणजे बटाट्याच्या वेफर्सची) दोन पाकिटं आणि बरणीतलं व्हिनेगरमधलं एक अंडं. ते मित्राने खाल्लं. त्याबद्दल तो अजून बोलत नाही.

माझ्या पिशवीत आईने बांधून दिलेली थालीपीठं होती, पण पबमध्ये घरचा डबा कसा उघडणार? शेवटी थांब्यावरच्या बाकावर बसून उघडला. एक आजी कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. कुत्रं जे आमच्यासमोर बसलं ते हलेचना. आजी दोरी ओढतायत, माफी मागतायत, आणि त्यांचीही नजर डब्यावरच. त्यांना एक दिलं. उभ्या उभ्या संपवलं त्यांनी.

•

थालीपीठ कशाचं होतं?

•

भाजणीचं. लोणीपण होतं, ते नाही काढलं बाहेर.