हापूसवरच्या करप्याची बुरशी नेमकी कोणती? मदत हवी आहे

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हापूसच्या करपलेल्या पानांवरून बुरशी वेगळी केली आहे. बीजाणू लांबट, दोन्ही टोकांना गोल. जुन्या पुस्तकांप्रमाणे बुरशीचं नाव सरळ कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस. पण २०१२ च्या जनुकीय मांडणीत या नावाच्या गटात २२ प्रजाती निघाल्या. माझा आयटीएसचा (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात त्या डीएनएच्या भागाचा) क्रम त्यातल्या सियामेन्स आणि फ्रुक्टिकोला या दोन्ही प्रजातींशी जवळजवळ सारखाच जुळतोय. जेनबँकेत (डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) जुन्या नावाने टाकलेले क्रमही पुष्कळ, त्यामुळे पहिल्या जुळणीवर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

पैसे आणखी दोनच जनुकांपुरते आहेत. ॲपमॅट आणि जीएपीडीएच घेऊ, की बीटा-ट्युब्युलिन? वंशवृक्षासाठी फक्त टाइप नमुन्यांचेच (ज्यांवरून प्रजातीचं नाव ठरलं त्या मूळ नमुन्यांचेच) क्रम घ्यावेत का? बुरशीनाशकाचा परिणामही प्रजातीगणिक बदलतो, म्हणून प्रबंधात चुकीचं नाव जायला नको. हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.