जुन्या लॅपटॉपसाठी कोणते लिनक्स घ्यावे? (मर्यादा दीड हजार रुपये)

हिशेबनीस:
नमस्कार. माझ्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची साधी, फिरणारी हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या पात्रतेत हे यंत्र बसत नाही, म्हणून लिनक्सकडे वळायचे ठरवले आहे. कामे मोजकीच आहेत: सोसायटीचे हिशेब, मराठीत सूचना टंकून छापणे, बँकेचे संकेतस्थळ आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत. इंटरनेट मोबाइलवरून घेतो, रोज दीड जीबी. खर्च दीड हजारांच्या वर करणार नाही. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, कोणते घ्यावे आणि ॲप्ट, डीएनएफ, पॅकमन, स्नॅप या सॉफ्टवेअर चढवण्याच्या साधनांत मला कशाशी कर्तव्य आहे, हे कृपया सांगावे. टर्मिनलची भीती नाही, पण रोज उघडण्याची हौसही नाही.

पेठेतला_पेंग्विन:
डोळे झाकून लिनक्स मिंट घ्यावे, विषय संपला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. त्यात टाइमशिफ्ट आधीपासून असते, त्यामुळे काही बिघडले तर कालची स्थिती परत आणता येते. तुमच्या यंत्रासाठी एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती योग्य. मात्र खरे सांगायचे तर ४ जीबी रॅममध्ये आता जीव रमत नाही. मी मागच्या दिवाळीत १६ जीबीचा मिनी पीसी घेतला आणि तेव्हापासून मागे वळून पाहिलेले नाही.

डेबियनवाला:
मिंट उबुंटूवर उभे आहे आणि उबुंटू डेबियनवर, मग थेट मुळाशी का जाऊ नये? ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले आहे. स्थिर शाखेत वर्षभर मुख्यतः सुरक्षेच्या आणि महत्त्वाच्या दुरुस्त्याच येतात, म्हणून रोजच्या दीड जीबीत ती आरामात बसते. हा मुद्दा वरच्या प्रतिसादात कोणी विचारातच घेतला नाही. वाय-फायच्या चिपला लागणारे फर्मवेअर पूर्वी वेगळे शोधावे लागे, पण डेबियन १२ पासून ते चढवण्याच्या अधिकृत फायलीतच असते. माझ्या घरी २००९ पासून डेबियन आहे आणि मी फॉरमॅट हा शब्द विसरलो आहे.

पेठेतला_पेंग्विन:
मुळाशी जायचेच तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाही स्वतः बांधावा. हिशेबनीस यांना सूचना छापायच्या आहेत, वंशावळ लिहायची नाही.

रोलिंग_राजा:
आर्च या डिस्ट्रोचा विचार करावा. त्याच्या पॅकमनसारखा वेगवान पॅकेज मॅनेजर मी पाहिलेला नाही आणि एयूआर या वापरकर्त्यांनीच भरलेल्या कोठारात मिळत नाही असे सॉफ्टवेअर विरळाच. पुन्हा पुन्हा नवी आवृत्ती चढवण्याची कटकटही नाही, कारण प्रणाली सतत ताजी राहते. एकदाच माझी प्रणाली सुरू होईनाशी झाली होती. पॅकेजांची यादी ताजी करून मी एकच पॅकेज चढवले आणि बाकीची जुनीच ठेवली. तसे करू नये असे त्यांच्या विकीत स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे चूक माझीच होती.

डेबियनवाला:
जुलै २०२५ मध्ये त्याच एयूआरमध्ये ब्राउझरच्या नावाखाली घातक पॅकेजे सापडली होती आणि ती काढून टाकावी लागली. तिथे कोणीही पॅकेज चढवू शकतो, म्हणून प्रत्येक पॅकेज कसे बांधले जाते ती कृती वाचून मगच ते घ्यायचे असते. संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकणाऱ्या गृहस्थांनी हे का करावे?

हाताने_घात:
पॅकेज मॅनेजर कोणता, यापेक्षा तो काय विचारतो आहे ते वाचणे महत्त्वाचे, हे मी किंमत मोजून शिकलो आहे. उबुंटूवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दोन आवृत्त्या दिसल्या, म्हणून एक काढून टाकायला निघालो. ॲप्टने पडदाभर यादी दाखवली, खाली होय की नाही असे विचारले, आणि मी चहाचा कप हातात धरून होय म्हटले. त्या यादीत माझा डेस्कटॉपच होता. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ उरली होती. म्हणून ‘काढली जाणारी पॅकेजे’ हे शीर्षक दिसले की हात थांबवावा. दुसरे असे की, ‘कुलूप मिळत नाही’ असा संदेश आला तर मागे आपोआप सुधारणा चालू असण्याची शक्यता असते. दहा मिनिटे थांबावे, बटण दाबून यंत्र बंद करू नये.

एसएसडी_भक्त:
वरचे सगळे प्रतिसाद वाचले. डिस्ट्रो कोणतेही घ्या, त्या फिरणाऱ्या डिस्कवर ते बैलगाडीसारखेच चालेल. ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका, रॅम ८ जीबी करा आणि घरी फायबर घ्या. मर्यादा दीड हजार आहे हे मान्य, पण थोडी वाढवली तर काय बिघडते?

छापखाना:
मी सूचना, पत्रिका छापण्याचे काम करते, म्हणून मराठीच्या बाजूने सांगते. एक, घरातल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आहेत की त्याआधीच्या फॉन्टमध्ये, हे आधी तपासा. जुन्या फॉन्टमधला मजकूर लिब्रेऑफिसमध्ये उघडला की फॉन्टअभावी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. अशा फायली विंडोज असतानाच बदलून घ्या. दोन, टंकलेखनासाठी आयबस हे भाषा टंकण्याचे साधन आणि त्याचा एम-सतरा-एन भाग घ्या, त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट हा कळफलकाचा आराखडा मिळतो. तीन, काहीही कायमचे चढवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा आणि तेव्हाच वाय-फाय, आवाज, झाकण मिटून पुन्हा उघडणे आणि विशेषतः प्रिंटर जोडून बघा. माझा एक प्रिंटर तीन वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर हलला नाही, दुसरा मात्र तार जोडताच छापू लागला. हा फरक प्रिंटरच्या जातीचा आहे.

पेठेतला_पेंग्विन:
छापखानाताईंशी सहमत. मिंटमध्ये हे सगळे होते. शिवाय मिंटने २०२० पासून उबुंटूचे स्नॅप मुळातच बंद ठेवले आहे.

रोलिंग_राजा:
स्नॅपचा मुद्दा काढलाच आहे तर सांगतो, उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सदेखील स्नॅपमधूनच येतो. फ्लॅटपॅक ही तशीच दुसरी पद्धतही वजनाने कमी नाही. पहिले ॲप घेताना त्याच्यासोबत पायाभूत संच उतरतो आणि तो काहीशे एमबींचा असतो. दीड जीबीवाल्यांनी दोन्हींपासून दूर राहून डिस्ट्रोच्या स्वतःच्या कोठारातूनच सामान भरावे.

डेबियनवाला:
म्हणजे शेवटी तुम्हीही माझेच म्हणणे मांडलेत.

हिशेबनीस:
सर्वांचे आभार. छापखानाताईंच्या सूचनेप्रमाणे पेनड्राइव्हवरून मिंट, डेबियन आणि फेडोरा अशी तिन्ही पाहिली. प्रिंटर तिन्हींवर चालला, वाय-फाय तिन्हींवर अडले. मी फेडोराची एक्सएफसीई आवृत्ती चढवली आहे. तुमच्यापैकी एकानेही ती सुचवली नव्हती, हे मला ठाऊक आहे.

कारण सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या लॅपटॉपवर फेडोरा आहे. वाय-फायसाठी माझा फोन तारेने जोडून आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या कोठारातून ड्रायव्हर तिनेच उतरवून दिला. फेडोराच्या डीएनएफमध्ये मागच्या व्यवहारांची यादी राहते आणि एखादा व्यवहार उलटा फिरवता येतो, हेही तिने दाखवले. रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाला ही सोय पटली. शिवाय रॅममधलाच मजकूर दाबून ठेवणारी झेडरॅमची व्यवस्था यात आधीपासूनच चालू असते. ब्राउझरमध्ये चार-पाच खिडक्या उघडल्या तरी यंत्र अजून गुदमरलेले नाही.

डेबियनवाला:
फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेराच महिने सुधारणा मिळतात आणि त्याही भरपूर असतात. दीड जीबीत कसे भागवणार?

हिशेबनीस:
सुधारणा रविवारी सकाळी त्या मुलीच्या घरी जाऊन, तिथल्या वाय-फायवर घ्यायच्या असे ठरले आहे. नवी आवृत्ती ती दिवाळीच्या सुटीत चढवून देणार आहे. ती नोकरीला बाहेरगावी गेली की डेबियनवाला यांचा सल्ला पुन्हा काढून वाचेन. आतापर्यंतचा खर्च पेनड्राइव्हचे साडेतीनशे रुपये.

अडचण एकच आहे. ‘दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनी’ असे टंकतो तेव्हा ‘दुसर्या’ असे उमटते, रफार ‘या’च्या डोक्यावर जातो. कालची सूचना तशीच लागली आणि अध्यक्षांनी फलकावर पेनाने दुरुस्त केली.

छापखाना:
साध्या ‘र’ने ते होणार नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबा, म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’ उमटेल. मग ‘डी’वरचा हलन्त, आणि त्यानंतर तिरक्या रेघेच्या कळीवरचा ‘य’. वऱ्हाड, तऱ्हा यांच्यासाठीही हेच करायचे, फक्त ‘य’च्या जागी ‘यू’वरचा ‘ह’.

हिशेबनीस:
जमले. सूचना पुन्हा छापून लावली आहे.